नलू, सरकार येऊन गेलं

नलू, काल तुझी तेरवी झाली. हिवाळी अधिवेशन संपवून सरकार त्याच्या चार दिवस आधीच नागपुरातून परत गेलं. सिव्हिल लाइन्समधले कठडे निघाले, आमदार निवासासमोरच्या टपऱ्या उठल्या, दरवर्षीसारखा फुटपाथच्या कडांना काळा-पिवळा रंग तेवढा मागे राहिला. सदरमध्ये कचेरीबाहेर तुझ्या टेबलाच्या जागी एक जण हेल्मेट विकायला बसलाय. मी येताना मुद्दाम त्या बाजूनं आले आणि उगाच आले असं वाटलं.

लोक म्हणतात, तुम्ही प्राध्यापक, तिची लहानपणची मैत्रीण, तिच्यावर काहीतरी लिहा. जन्म, शिक्षण, कार्य असलं मी लिहिणार नाही. लिहायचं म्हटलं तरी दोन ओळींच्या वर जात नाही: मॅट्रिक, मराठी टायपिंग, आणि एका सरकारी कचेरीबाहेर चाळीस वर्षं एक टेबल, एक खुर्ची, वर ताडपत्री. मला तुझ्याशीच बोलायचं आहे. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे आणि तिच्यापाशी यायला मला वेळ लागणार. तुला माझी सवय माहीत आहे, मी आधी दहा फाटे फोडते.

महाल भागातल्या आपल्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला गुरुजींनी विचारलं होतं, सरकार कुठे असतं? मी हात वर केला होता, कारण मला उत्तर पाठ होतं, मुंबईला. गुरुजींनी मला सोडून तुला उठवलं. तू म्हणालीस, सरकार थंडीत येतं. वर्गात कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. गुरुजींनीही गंभीरपणे विचारलं, आणि जातं कधी? तू म्हणालीस, नाताळाच्या आधी. त्यांनी मान डोलावली आणि तुला बसायला सांगितलं. माझा हात वरच राहिला, आणि मला तुझा राग आला होता. तो राग मी पुढे राज्यशास्त्रात एम. ए. करून काढला असं तू म्हणायचीस.

पण तुझं उत्तर पाठांतराचं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. तुझे बाबा इथल्या सचिवालयात कारकून होते. नागपूर तेव्हा राजधानी होतं, मोठ्या प्रांताची, हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या. मग राज्यांची नव्यानं आखणी झाली, विदर्भ मुंबईच्या राज्यात आला, राजधानी भोपाळला गेली, आणि बाबांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. फायलींचे गठ्ठे बांधून ज्या गाडीत चढवले त्याच गाडीत बाबाही चढले, असं तुझी आई सांगायची. आईनं नागपूर सोडायला साफ नकार दिला. तेव्हापासून बाबा वर्षातून एकदा, थंडीच्या सुटीत यायचे. ते आले की तुमच्याकडे चांगल्या कपबश्या निघत, तुला मोठ्यानं बोलायची बंदी असे, आणि दहा-बारा दिवसांत होल्डॉल बांधला जाई. त्याच दिवसांत मुंबईहून मंत्री येत, महालातले खड्डे बुजत, नळाला दोन्ही वेळा पाणी येई. तुझ्या लहानपणी बाबा आणि सरकार एकाच हंगामात यायचे. तू दोघांना वेगळं कसं ओळखणार होतीस?

तुझं टेबल म्हणजे तुझी गादीच होती. बारा महिने भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं आणि नावातल्या दुरुस्त्या. पण खरा हंगाम अधिवेशनाचा. अंगणवाडीच्या बाया, कंत्राटी शिक्षक, हिंगण्यातल्या कंपन्यांतले कामगार, कोण कुठले कोण, मोर्चा घेऊन येत आणि आधी तुझ्याकडे निवेदन करून घेत. त्यांना काय म्हणायचं आहे हे त्यांच्या आधी तुला कळायचं. तीन प्रती काढायचीस, एक मंत्र्याला, एक पेपरवाल्यांना आणि एक शिक्का मारून परत आणायला. शिक्का मारलेल्या त्या कागदाला सगळे पोच म्हणतात, तूही म्हणायचीस, पण तुझ्या तोंडी तो शब्द आला की त्यात एक टोमणा असायचाच. सरकार पोच देते पण सरकारले पोच नाही, हे तुझं वाक्य मी वर्गात कितीदा वापरलं असेल आणि एकदाही तुझं नाव घेतलं नाही.

आपलं भांडण 'मायबाप'वरून व्हायचं. प्रत्येक निवेदनाच्या शेवटी तू लिहायचीस, 'तरी मायबाप सरकारने कृपाळू होऊन विचार करावा.' मी तुला किती वर्षं सांगत होते, की बाई, आता राजे नाहीत, सरकार आपण निवडतो, 'मागणी' लिही, 'हक्क' लिही, ही लाचारी सोड. तू चष्म्यावरून बघायचीस आणि की-बोर्डवरचा हात काढायची नाहीस. एकदा मात्र काढलास. समोर कोणी गिऱ्हाईक नव्हतं, आपण दोघी संत्र्याच्या फोडी खात होतो.

"लाचारी नाही वं पुष्पी, पाहुणचार होय," तू म्हणालीस. "भोसल्यांचं गेलं, इंग्रज आले. इंग्रज गेले, हिंदीवाले आले. ते भोपाळले गेले, आता मुंबईचे येतात. आपल्या घरी सगळे पाहुणेच येऊन राहिले. पाहुण्याशी हक्कानं कायले बोलतील लोकं?"

मी म्हटलं, मग पाहुण्यावर रागवायचंही नाही का? तू म्हणालीस, रागवायचं ना, पण तो गेल्यावर. आणि आपण अकरा महिने तेच करत असतो. मी तुला सार्वभौमत्व समजावून सांगितलं. तू एक फोड तोंडात टाकलीस आणि विचारलंस, तुह्या पुस्तकातलं सरकार कोण्या गावचं होय? ते बारा महिने तिथंच राहते काय?

वेगळ्या विदर्भाच्या बाबतीत तर तू मला चाटच पाडलंस. मला वाटायचं, इतकं सगळं बघितलेली बाई नक्की वेगळ्या राज्याची असणार. तू म्हणालीस, नको. बाबा रिटायर होऊन कायमचे घरी आले तेव्हाची गोष्ट मग तू सांगितलीस. सहा वर्षं ते त्या घरात राहिले आणि आईनं सहाही वर्षं त्यांना चांगल्या कपात चहा दिला. ते कुठे बसू विचारायचे. तुम्ही त्यांच्यासमोर जेवायला लाजायचात. कोणी कोणाशी भांडलं नाही, कारण भांडायची ओळखच नव्हती. ते गेल्यावर आई रडली, पण कपबश्या पुसून वर ठेवताना तिला सुटल्यासारखं वाटलं, हेही तू सांगितलंस. सरकार उद्या कायमचं राहायला आलं तर आपण त्याला असंच वागवू, असं तुझं म्हणणं. मी पस्तीस वर्षं राज्यसंस्था शिकवली नलू, आणि माझ्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तू फार भावनेच्या भरात बोलतेस.

तर आता तो कोश.

रिटायर झाल्यावर मला एका प्रकाशकाचं बोलावणं आलं. राज्यशास्त्राचा मराठी संज्ञाकोश करायचा होता, आणि त्यात नुसते पुस्तकी शब्द नकोत, ज्या त्या भागात लोक राजकारणाचे कोणते शब्द कोणत्या अर्थानं वापरतात तेही यावं अशी कल्पना होती. मंडळात पाच जण, विदर्भातली मी एकटी. मी सरळ तुझ्याकडे आले. तू आधी हसण्यावारी नेलंस. मग तीन महिन्यांनी शाळेची दोनशे पानी वही माझ्या हातात दिलीस, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून, आत एकतीस शब्द. टाइप केलेले नव्हते, तुझ्या हातचे होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं टाइप केलं, हे आपलं म्हणून हातानं लिहिलं, असं म्हणालीस आणि लगेच विषय बदललास.

आश्वासन, करार, तिकडले, बॅकलॉग, शिष्टमंडळ. शिष्टमंडळाच्या नोंदीत लिहिलं होतंस, हजारातले पाच, ज्यांना आत सोडतात ते. आणि सगळ्यांत वर, पहिल्या पानावर, 'सरकार: जे येतं ते. थंडीत येतं, दोन आठवडे राहतं, ऐकून घेतं, जातं. त्याच्यासमोर घरातलं भांडण काढू नये. उदाहरण, सरकार आलं होतं तेव्हा नळाला पाणी होतं.'

मी ती वही त्या रात्री दोनदा वाचली आणि मला हेवा वाटला. हेही आता सांगून टाकते.

पुण्यात बैठक झाली. प्रत्येकानं आपापल्या भागाच्या नोंदी वाचायच्या होत्या. माझी पाळी आल्यावर मी तुझी 'सरकार'ची नोंद वाचली. ते हसले. अध्यक्ष चांगला माणूस होता, त्यानं हसू आवरून सांगितलं की गंमत आहे, पण ही संकल्पना नव्हे, हा अनुभव आहे. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं, काढून टाकू. मग बाकीचे तीसही मी वाचले नाहीत. वही पिशवीत परत ठेवली, आणि दुपारच्या चहाला सगळ्यांबरोबर त्यांच्या बाकरवड्या खाल्ल्या.

मी परत आल्यावर तू टेबलावरून उठून आलीस, हे मला विसरता येत नाही. गिऱ्हाईक समोर असताना तू कधी उठायची नाहीस. काय म्हणाले, विचारलंस. मी म्हटलं, फार आवडलं सगळ्यांना, छापतो आहोत. तू खुर्चीवर जाऊन बसलीस आणि त्या माणसाच्या प्रतिज्ञापत्रात दोन चुका केल्यास.

त्यानंतर दर रविवारी तू माझ्याकडे यायचीस, तर्री पोहे खायचीस, आणि निघताना चपला घालता घालता विचारायचीस, आलं का वं पुस्तक? मी म्हणायचे, छापून राहिले. तुझ्याशी बोलताना माझी भाषा तुझ्यासारखी होते, खोटं बोलतानाही. ऑक्टोबरात कोश बाहेर आला. माझी प्रत टपालानं आली ती मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. तुला कसं सांगायचं ते ठरवीन म्हटलं, आणि ठरवत राहिले. नोव्हेंबरात तुझ्या पायांना सूज आली. डिसेंबरात तुला दवाखान्यात नेलं तेव्हा अधिवेशन सुरू होऊन दोन दिवस झाले होते, आणि तुला चिंता कसली तर अंगणवाडीच्या बायांचं निवेदन कोण करून देईल याची. मी करते म्हटलं. तू म्हणालीस, तू नको, तू त्यात हक्क घालशील. तुझं माझ्याशी हेच शेवटचं धड बोलणं. चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तुझी भाची मीनल, तिचा नवरा आणि मी, असे आम्ही शववाहिकेसोबत निघालो. मला वाटलं होतं दहा-पंधरा माणसं होतील. तर अंगणवाडीच्या बाया आल्या, चाळीस-पन्नास तरी असतील. त्यांचा मोर्चा त्याच दिवशी होता. तशाच उठून आल्या होत्या, छातीवर बिल्ले, डोक्यावर छापील टोप्या. शववाहिका पुढे, त्या मागे चालत. चौकात कठडे लावलेले होते. बंदोबस्ताला बाहेरगावाहून आलेला एक तरुण शिपाई होता. त्यानं टोप्या पाहिल्या, हात आडवा केला आणि पाठ केल्यासारखं सांगितलं की मोर्चाला हा रस्ता नाही, मागे थांबा, शिष्टमंडळाचे पाच जण आत जातील.

मी त्याच्या अंगावर गेले. गाडीत काय आहे बघ म्हटलं. त्यानं बघितलं, टोपी काढली, बिचारा पार ओशाळला. वायरलेसवर कोणाला तरी विचारलं. पण वरून हुकूम तोच आला, गाडी सोडा, बिल्लेवाला जमाव सोडू नका. तो मला हळू आवाजात म्हणाला, गाडीबरोबर पाच माणसं न्या मॅडम, माझ्या हातात एवढंच आहे. मी भांडायचं ठरवलं होतं. माझ्याकडे सगळे मुद्दे होते, घटनेच्या कलमांसकट.

मागे वळून पाहिलं तर बायांनी पाच जण निवडायला सुरुवात केलीसुद्धा होती. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मीनल आणि तिचा नवरा धरून दोन झाले, मग आणखी दोघी पुढे आल्या. त्यातली विमल, जिची पहिली नोकरीची अर्जी तू टाइप केली होतीस, तिनं माझा हात धरला.

"भांडू नका मॅडम, पाचच जात असतात," ती म्हणाली. "पाचव्या तुम्ही व्हा. तुम्हाले बोलता येते."

बाकीच्या रस्त्याच्या कडेला बसल्या. ज्या सवयीनं दरवर्षी बसतात तशाच बसल्या, पिशवीतून पाण्याच्या बाटल्या काढल्या, एकीनं दुसरीच्या पाठीला टेका दिला. रडत होत्या, पण आत का सोडत नाही असं एकीनंही विचारलं नाही. नलू, मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं की संकल्पना पुस्तकातून येतात आणि मग लोकांच्या अंगी लागतात. त्या चौकात मला भीती वाटली. तुझी सगळी वही तिथे रस्त्यावर बसलेली होती.

घाटावर आम्ही पाच जण. मीनलनं अग्नी दिला. परतताना विमलनं मला विचारलं, नलूताईंचा शब्द पुस्तकात छापून आला म्हणे ना? आम्हाले सगळ्यांले सांगत होत्या त्या उन्हाळ्यात. मी म्हटलं, हो, येतो आहे. तुझ्या अंगाची धग अजून माझ्या तोंडाला लागत होती आणि मी खोटं बोलले.

काल तेरवीचं जेवण उरकल्यावर मीनल भांडी आवरत होती. मी तिला मदत करत होते. ती सहज बोलावं तसं म्हणाली की मावशी, ते जाडं पुस्तक तुम्ही घेऊन जा, आमच्याकडे कोण वाचणार. मी विचारलं, कोणतं? तर तोच कोश. दिवाळी झाल्यावर तू तिला दुकानातून आणायला लावलास. दोन दिवस बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलास, अगदी परिशिष्टसुद्धा. मग मिटून ठेवलास आणि मीनलला सांगितलंस, पुष्पीले नको सांगू, तिले वाईट वाटन.

त्यानंतरचे तीन रविवार तू माझ्याकडे आलीस. तिन्ही रविवारी पोहे खाल्लेस आणि चपला घालता घालता विचारलंस, आलं का वं पुस्तक? मी मोजून पाहिलं, तीन. तिन्ही वेळा मी म्हटलं, छापून राहिले. तू मान हलवलीस आणि जिना उतरलीस. त्या वेळी तुझ्या पायांवर सूज होती आणि माझा दुसरा मजला आहे.

आता ती गोष्ट सांगते. वर मी लिहिलं की तुझी नोंद वाचली आणि ते हसले. तसं झालं नव्हतं.

मी वाचून संपवलं तेव्हा कोणीही हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि म्हणाले, पुन्हा वाचा. ते विचारात पडले होते नलू, खरोखरच पडले होते. शेजारचा एक जण पेन उघडून लिहून घ्यायला लागला होता. आणि मला एकदम वाटलं की आता हे लोक मला बघणार, मग तुला बघणार, मग महालातली शाळा, ती ताडपत्री, मायबाप, पाहुण्यासाठी काढलेल्या कपबश्या, आणि म्हणणार, ही त्यांच्यातलीच. म्हणून मी हसले. मी पहिल्यांदा हसले, आणि मग ते हसले.